चर्चमधले रेकॉर्ड केलेले उपदेश ऑनलाइन कुठे मिळतात आणि ते डाउनलोड कसे करायचे?

तुम्ही लिहिलंय की आई नेवाशाकडच्या गावी असते, रेंज धड नसते, रविवारचा उपदेश यूट्यूबवर लावला की नुसतं चक्र फिरत बसतं. मग लिंकच्या मागे लागू नका, फाइल मागा. ज्या मंडळीचं (म्हणजे चर्चचं) चॅनेल आहे तिच्या सेक्रेटरींना, नाहीतर साउंड बघणाऱ्या मुलाला फोन करा आणि उपदेशाचा ऑडिओ पाठवा म्हणा. चॅनेल ज्याचं आहे त्याला आपला व्हिडिओ यूट्यूब स्टुडिओतून सरळ उतरवता येतो. "चॅनेलवर आहे की, तिथेच ऐका" असं उत्तर मिळालं तरी पिच्छा सोडू नका. मला हेच उत्तर मिळालं होतं. त्याचं पुढे काय झालं ते सांगते, म्हणजे मी एवढी हट्टाने का बोलतेय ते कळेल.

माझे वडील नगर जिल्ह्यात पाळक, म्हणजे पास्टर होते. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) तीन तासांच्या उपासनेत येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, त्यांपैकी एक उद्गार बाबांकडे ठरलेला असायचा. 2020 सालचा उत्तम शुक्रवार 10 एप्रिलला आला. देवळं बंद होती, म्हणून मंडळीतल्या तरुणांनी सातही वक्त्यांना घरूनच बोलायला लावलं आणि ते यूट्यूबवर थेट दाखवलं. बाबांकडे पाचवा उद्गार होता, "मला तहान लागली आहे." मी पुण्यात अडकलेले, मोबाईलवर बघत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मागे फडताळ, मध्येच शेजारच्या कुकरची शिट्टी. बाबांच्या हातात नेहमीसारखे टिपणांचे कागद होते, पण पाच मिनिटांत त्यांनी ते बाजूला ठेवले आणि बहात्तरच्या दुष्काळावर बोलायला लागले. आजी खडी फोडायला जायची, घरात तांबडी मिलो ज्वारी शिजायची, हे आम्हाला ठाऊक होतं. गावच्या विहिरीवर आपल्याला हात लावू देत नसत, कोणीतरी वरून ओतेल म्हणून कळशी घेऊन तासन् तास उभं राहावं लागायचं, हे मात्र बाबांनी व्यासपीठावरून कधीही काढलं नव्हतं. त्या दिवशी काढलं. म्हणाले, दुसऱ्याकडे पाणी मागावं लागणं म्हणजे काय ते येशूला ठाऊक आहे, आणि मागितल्यावर पाण्याऐवजी आंब, म्हणजे आंबट शिरका मिळणं म्हणजे काय, तेही. मग रस्त्याने पायी निघालेल्या मजुरांसाठी प्रार्थना केली.

त्याच आठवड्यात मी त्या रेकॉर्डिंगची फाइल मागितली. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, चॅनेलवर आहे की, कुठे पळून चाललंय?" महिन्याभराने पुन्हा मागितली, पुन्हा तेच. 2021 च्या दुसऱ्या लाटेत बाबा गेले. नंतर मंडळीत कमिटीच्या निवडणुकीवरून भांडण झालं, दोन गट पडले. चॅनेल होतं एका मुलाच्या खाजगी जीमेलवर. तो दुसऱ्या गटाबरोबर बाहेर पडला आणि जाताना चॅनेल उडवून गेला. वर्षश्राद्ध आपल्यात नसतं, पण स्मरणार्थ उपासना ठेवली होती आणि त्यात बाबांचाच आवाज लावायचा होता. त्या मुलाला फोन केला. म्हणाला, "डिलीट केलं, विषय संपला." मूळ फाइल कोणीच ठेवली नव्हती.

बाबांचे नव्वदच्या दशकातले उपदेश मात्र आहेत. एका वडीलजनांनी (मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांनी) पुलपिटाजवळ टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या कॅसेटी, एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. काहींच्या आतला नमद्याचा छोटा तुकडा, जो फीत हेडवर दाबून धरतो, तो गळून पडला होता. दुसऱ्या कॅसेटीचा काढून चिकटवला. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडली आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेतल्या. खरखर आहे, पण शब्द न् शब्द कळतो. तीस वर्षांची फीत टिकली आणि 2020 चा व्हिडिओ टिकला नाही, कारण कॅसेट एका माणसाच्या कपाटात होती आणि व्हिडिओची फाइल कोणाच्याच कपाटात नव्हती.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की उपदेश ऑनलाइन ठेवणं ही अर्धीच सेवा झाली. जी मंडळी फाइल देत नाही, ती जपतही नाही. आमच्या खजिनदारांचं म्हणणं असायचं, घरबसल्या उपदेश मिळाला तर देवळात कोण येणार आणि दान कोण टाकणार? फाइल मागणारे कोण असतात ते त्यांनी कधी पाहिलंच नाही. रविवारी ड्युटी लागलेल्या नर्सा असतात, आणि नगरकडच्या आपल्या घरांत नर्सा किती आहेत हे काय सांगायला हवं? गुडघे गेलेल्या आज्या असतात. आखातात कामाला गेलेली मुलं असतात. बायबलमध्ये पौलाने कलस्सै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी बजावलंय की हे पत्र शेजारच्या लावदिकीयाच्या मंडळीतही वाचून दाखवा. नगरला 1842 मध्ये ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं, तेही देवळाच्या भिंतीबाहेरच्या माणसाच्या हातात काहीतरी पडावं म्हणूनच ना? शब्द पुढे पाठवणं ही आपली जुनी रीत आहे, आणि ती अडवणाऱ्याला तसं तोंडावर सांगायला हवं. मी कमिटीच्या सभेत सांगितलं होतं, त्यावरून अजून काही जण माझ्याशी बोलत नाहीत.

आता तुमच्या कामाचं. मंडळीच्या वेबसाइटवर उपदेशाची पट्टी वाजत असेल तर क्रोममध्ये तिच्या उजवीकडचे तीन ठिपके दाबा, बहुतेक वेळा तिथेच डाउनलोड असतं. पॉडकास्ट असेल तर सगळ्यात सोपं, अँटेनापॉडसारख्या मोफत ॲपमध्ये भाग उतरवून घेता येतात. यूट्यूबच्या ॲपमधल्या डाउनलोडवर विसंबू नका. तो व्हिडिओ ॲपच्या आतच राहतो, फाइल हातात येत नाही आणि फोन अधूनमधून नेटला जोडावाच लागतो. फेसबुकवरचं लाइव्ह तर आजच मागून घ्या. 19 फेब्रुवारी 2025 पासून नवीन लाइव्ह तिथे 30 दिवसच राहतं, मग काढून टाकलं जातं. अनेक मंडळ्यांना हे अजून माहीत नाही.

इंग्लिश चालत असेल तर सर्मनऑडिओ या उपदेशांच्या वेबसाइटवर एमपी3 मिळतात. लंडनच्या वेस्टमिन्स्टर चॅपलचे पाळक मार्टिन लॉइड-जोन्स 1981 साली वारले, त्यांचे 1600 च्या आसपास टेपवरचे उपदेश त्यांच्या नावाच्या ट्रस्टने मोफत डाउनलोडला ठेवलेत. मराठीत असं कोणाचं एका जागी ठेवलेलं माझ्या पाहण्यात नाही, आणि त्याला पैसे लागतात असं कोणी म्हणालं तर मानू नका. बोलण्याचा आवाज सेव्ह करताना मोनो (एकेरी) आणि 64 केबीपीएस या दर्जावर ठेवला तर चाळीस मिनिटांचा उपदेश 19 एमबीत बसतो. आमच्या पुण्याच्या मंडळीत मिक्सरमधून एक वायर मोबाईलला लावतो, उपासना संपली की गाणी कापून उपदेश तेवढा वेगळा करतो आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. गाणी कापायची ती साइझसाठी नाही. पुढे कोणी ती यूट्यूबवर चढवली आणि गाण्यांवर कॉपीराइटचा दावा आला, तर अख्खी उपासना अडकू शकते.

एक राहिलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे जाहीर भाषणाचा पहिला हक्क बोलणाऱ्याचा असतो. आईसाठी उतरवून घेणं वेगळं आणि आपल्या चॅनेलवर चढवणं वेगळं, त्यासाठी पाळकसाहेबांना विचारा. बाहेरच्या साइटवर लिंक टाकून यूट्यूबवरून उतरवणं यूट्यूबच्या नियमात बसत नाही, शिवाय त्या साइट फोनमध्ये नको ते घुसवतात. आणि सगळ्याच कमिट्या आमच्यासारख्या नसतात, तुमचे सेक्रेटरी एका फोनवर देतीलही.

आईकडे साधा बटणांचा फोन असला तरी अडत नाही, मेमरी कार्ड बसत असेल तर एमपी3 वाजते. नाहीतर बाजारात कार्ड आणि पेन ड्राइव्ह लागणारा छोटा स्पीकर मिळतो, गावाकडे भजनं ऐकायला घेतात तोच. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख टाका, म्हणजे रविवार ओळीने वाजतील. आणि कार्डात भरलेलं सगळं घरच्या लॅपटॉपवरही ठेवा. कार्डं कधी ना कधी खराब होतात.