क्षेत्राला कुंपण असते का?

एका वाचकाने तीन शंका एका दमात विचारल्या आहेत. ‘विद्युतचुंबकीय’ लिहावे की ‘विद्युच्चुंबकीय’? चुंबकाचे ‘क्षेत्र’ किती फुटांपर्यंत असते? आणि ‘किरणोत्सर्ग’ म्हणजे तेच का?

लेखनाचे आधी उरकून घेऊ. संधी करायचाच तर ‘विद्युच्चुंबकीय’ बरोबर आहे. त्‌च्या पुढे च आला की त्‌चाही च होतो. ‘उच्चार’ हा शब्दसुद्धा उत् + चार असाच घडला आहे. पण इतका जोडाक्षरी शब्द जिभेला जड, शिवाय त्यातला विद्युत चटकन ओळखूही येत नाही. मराठीत आपण ‘विद्युत’ पाय न मोडताच लिहितो, तेव्हा ‘विद्युतचुंबकीय’ खुशाल लिहावे. मी तेच लिहितो. ‘विद्युत चुंबकीय’ असे सुटेही छापलेले दिसते, पण जोडून लिहिण्यात अर्थ आहे. वीज आणि चुंबक हे एकेकाळी दोन वेगळे विषय होते. 1820 साली ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाला दिसले की तारेतून वीज वाहू लागली की शेजारची होकायंत्राची सुई वळते. 1831 मध्ये फॅरडेने उलट बाजू दाखवली : तारेच्या वेटोळ्यात चुंबक हलवला की वीज वाहते. पुढे मॅक्सवेलने दोघांना एकाच समीकरणसंचात बांधले. ती गाठ शब्दात दिसलेली बरी.

खरी गोम ‘क्षेत्र’ या शब्दात आहे. आपले ‘शेत’ क्षेत्रापासूनच आले. कुरुक्षेत्र, तीर्थक्षेत्र, कार्यक्षेत्र, क्षेत्रफळ... सगळीकडे हद्द गृहीत धरलेली. त्यामुळे ‘चुंबकीय क्षेत्र’ म्हटले की मनात आपोआप बांध घातला जातो आणि ‘किती फुटांपर्यंत?’ हा प्रश्न सुचतो. प्रश्न विचारणाऱ्याची चूक नाही, शब्दच तिकडे नेतो.

भौतिकशास्त्रातल्या क्षेत्राला बांध नसतो. तिथे क्षेत्र म्हणजे जागेचा तुकडा नव्हे, तर जागेच्या प्रत्येक बिंदूला चिकटलेली एक माहिती : इथे सुई ठेवली तर ती कुठे तोंड करील आणि किती जोराने. कागदाखाली पट्टीचुंबक धरा, वर लोहकीस भुरभुरा आणि कागदाला बोटाने हलकेच टिचकी मारा. कीस वळतो, उभा राहतो, टोकांपाशी दाट आणि मधल्या बाजूंना कमानीसारखा मांडला जातो. कडेला तो विरळ होत जातो, पण ‘इथे संपले’ अशी रेघ कुठेच सापडत नाही. पट्टीचुंबकापासून बरेच लांब गेल्यावर अंतर दुप्पट केले की क्षेत्र एक-अष्टमांश होते. वीज वाहणाऱ्या लांब सरळ तारेभोवती मात्र निम्मेच. इतके क्षीण होते की मोजता येऊ नये, पण शून्य होत नाही. म्हणून ‘कुठपर्यंत?’ ऐवजी ‘तिथे किती?’ असे विचारावे. त्याचे उत्तर टेस्ला या एककात मिळते. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र जमिनीवर साधारण 25 ते 65 मायक्रोटेस्ला (टेस्लाचे दशलक्षांश) भरते.

आता किरणोत्सर्ग. मोबाइल टॉवरच्या संदर्भात हा शब्द सर्रास वापरतात आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. शाळेतल्या उष्णतेच्या धड्यात वहन, अभिसरण, प्रारण हे त्रिकूट होते, आठवते? त्यातले ‘प्रारण’ हा ‘रेडिएशन’चा नेमका प्रतिशब्द. रेडिओ लहरी, उजेड, क्ष-किरण हे सगळे विद्युतचुंबकीय प्रारण, फरक वारंवारितेचा. ‘किरणोत्सर्ग’ मात्र युरेनियम, रेडियम यांसारख्या अस्थिर अणुकेंद्रके आपोआप फुटून किरण बाहेर टाकतात, त्यासाठी योजलेला शब्द. टॉवरमध्ये असे काही फुटत नसते. त्याच्या रेडिओ लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन उखडण्याइतकी ऊर्जा नाही, क्ष-किरणांत आहे. एका ‘रेडिएशन’साठी आपल्याकडे दोन शब्द तयार असताना भलताच उचलला, की मायक्रोवेव्हमध्ये तापवलेले अन्न किरणोत्सर्गी होते का, अशी शंका येणारच. होत नाही. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसेच ते.