वाचकांचे प्रश्न : पुण्याची जुनी दुर्बीण आणि गिरवली

प्रश्न : गिरवलीच्या डोंगरावर विद्यापीठांसाठी वेधशाळा आहे. इंग्रजी अमदानीतही पुण्यात एक मोठी दुर्बीण होती, असे ऐकले. ती कुठे गेली? आताची दुर्बीण तिच्याहून कितीशी सरस आहे?
– एक वाचक, मंचर

उत्तर : आपण ऐकलेली दुर्बीण महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेतील. भावनगरच्या या महाराजांच्या देणगीत मुंबई सरकारने भर घातली आणि १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेत, प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांच्या देखरेखीखाली ही वेधशाळा उभी राहिली. तिच्यातील २० इंची आरशाची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात घडलेली होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे उपकरणे घेऊन गेले होते. मात्र १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तेथे ती ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली जाऊ लागली. एका प्राध्यापकाच्या निवृत्तीबरोबर एवढी वेधशाळा मिटावी, याची खंत आम्हाला आजही वाटते.

गिरवलीचे वेगळेपण आमच्या मते प्रथम व्यवस्थेत आहे. २००६ मध्ये सुरू झालेली ही वेधशाळा पुण्याच्या ‘आयुका’ची आहे आणि आयुका हे विद्यापीठांचे खगोलशास्त्रासाठीचे सामाईक केंद्र असल्यामुळे, ज्यांच्या विद्यापीठात साधा घुमटही नाही अशा संशोधकांनाही प्रस्ताव पाठवून येथे निरीक्षणासाठी वेळ मागता येतो.

आता आकाराचे पाहू. येथील आरशाचा व्यास २ मीटर, म्हणजे जुन्या आरशाच्या जवळजवळ चौपट आहे. परंतु प्रकाश गोळा होतो तो क्षेत्रफळावर, त्यामुळे तो सुमारे १५ पट अधिक मिळतो आणि कितीतरी अंधूक तारे व दीर्घिका आवाक्यात येतात. या प्रकाशाचे चीज करणारे मुख्य उपकरण कॅमेराही आहे आणि वर्णपटमापकही, म्हणजे प्रकाशातील रंग वेगळे करून त्यांचा पट्टा (वर्णपट) दाखवणारे साधनही. प्रकाशाच्या वाटेत गाळणी ठेवली की ठरावीक रंगातले छायाचित्र मिळते. गाळणी काढून अरुंद फट आणि प्रकाश रंगांत पसरवणारा घटक आणला की त्याच ताऱ्याचा वर्णपट उमटतो. त्यातील काळ्या रेषांवरून ताऱ्याच्या वातावरणात कोणती मूलद्रव्ये आहेत, हे ओळखता येते. शिवाय त्या रेषा तांबड्या किंवा निळ्या टोकाकडे किती सरकल्या, यावरून तो आपल्यापासून दूर जात आहे की जवळ येत आहे आणि कोणत्या वेगाने, तेही काढता येते. पावसाळ्यात मात्र हे काम बंद असते.