प्रश्न तुमचे: इजिप्तमधले मृत आणि त्यांचे सत्तर दिवस

प्रश्न : ममी करण्यासाठी मृतदेह सत्तर दिवस नॅट्रॉनच्या पाण्यात बुडवून ठेवत, असे मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी वाचताना आढळले. पाण्यात ठेवलेला देह कुजत कसा नाही? आणि नॅट्रॉन म्हणजे नेमके काय?
– एक वाचक, बुलढाणा

पाण्यात ठेवला तर कुजेलच. तुमची शंका रास्त आहे. देह कोरड्या नॅट्रॉनच्या ढिगात पुरत, आणि तोही साधारण पस्तीस ते चाळीस दिवस. सत्तर दिवस हा मृत्यूपासून दफनापर्यंतचा सगळा हिशेब झाला. त्यात सुरुवातीचे धुणे-शुद्धी आली आणि शेवटचे तेल लावणे, पट्ट्या गुंडाळणेही आले. बायबलमध्ये याकोबाच्या देहाचा उल्लेख आहे, तिथेही देह तयार करायला चाळीस दिवस आणि शोकाचे सत्तर असेच आकडे येतात.

घोटाळ्याचे मूळ जुने आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात इजिप्त पाहिलेल्या हिरोडोटस या ग्रीक लेखकाने सत्तर दिवस नॅट्रॉनमध्ये ठेवतात असे लिहिले. त्याने वापरलेले क्रियापद ग्रीक लोक मासे खारवण्यासाठीही वापरत. पुढच्या लोकांनी त्यावरून खाऱ्या पाण्याची टाकीच डोळ्यांपुढे आणली.

नॅट्रॉन तुम्हा बुलढाण्याच्या मंडळींना समजावून सांगणे सोपे आहे. लोणार सरोवराचे पाणी आटले की काठावर जो पांढरा खार बसतो, त्याच कुळातला हा पदार्थ. पूर्वी लोणारचा खार काढून विकत, तसा इजिप्तमध्ये कैरोच्या वायव्येला असलेल्या वादी नत्रून या खोलगट भागातल्या तळ्यांवरून नॅट्रॉन गोळा करत. त्यात धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा हे मुख्य. शिवाय मीठ आणि सोडियम सल्फेट कमीजास्त प्रमाणात. घरातला पापडखार हाही याच नात्यातला.

नुसते मीठ का चालत नाही? मीठ पाणी ओढते. सुके मासे त्यावरच टिकतात. नॅट्रॉन पाणी तर ओढतोच, शिवाय अल्कधर्मी असल्याने चरबीचा साबण करून टाकतो आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना जगू देत नाही. माणसाच्या देहात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचे असते. ते झपाट्याने बाहेर काढणे हेच या सगळ्या कामाचे मर्म आहे. द्रावणात ठेवले तर उलटेच घडते. मांस फुगते, मऊ पडते आणि वरची कातडी सुटून येते.

1994 साली अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात बॉब ब्रायर आणि रोनाल्ड वेड यांनी देहदान केलेल्या एका माणसावर ही पद्धत पायरीपायरीने करून पाहिली. एका देहाला अडीचशे किलोंहून जास्त नॅट्रॉन लागला आणि पस्तीस दिवसांनी देहाचे निम्म्याहून जास्त वजन उतरले होते. नॅट्रॉन फक्त वरून टाकून भागत नाही. खाली जाड थर, वर ढीग आणि पोटाच्या पोकळीत नॅट्रॉन भरलेल्या कापडी पुरचुंड्या, असे तिन्हीकडून लागते. तुतनखामेनच्या वेळी वापरलेल्या अशा पुरचुंड्या राजांच्या दरीतल्या एका खड्ड्यात 1907 मध्ये सापडल्या. देहाला लागलेली कुठलीही वस्तू, अगदी खरकटा नॅट्रॉनसुद्धा, टाकून देत नसत. मडक्यांत भरून जवळपास पुरत.

द्रावणाला एक अपवाद मात्र आहे. खुफू राजाची आई हेतेफेरेस हिची अवयवांची पेटी गिझाला 1927 मध्ये उघडली, तेव्हा तिच्या कप्प्यांत नॅट्रॉनचे पातळ पाणी अजून शिल्लक होते. काढलेल्या अवयवांसाठी त्या सुरुवातीच्या काळात हा प्रयोग झाला. संपूर्ण देहासाठी नाही.

सत्तरच दिवस का, याचे उत्तर आकाशात आहे. आपण ज्याला व्याध म्हणतो तो तारा दरवर्षी सुमारे सत्तर दिवस सूर्याच्या तेजात दिसेनासा होतो आणि मग पहाटे पुन्हा उगवतो. त्याच सुमारास नाईलला पूर येई. तारा तेवढे दिवस मृतांच्या लोकात, ‘दुआत’मध्ये असतो आणि तिथून परततो, अशी त्यांची श्रद्धा होती. माणसालाही तेवढेच दिवस दिले.

प्रश्न : मेंदू फेकून देत आणि हृदय जपून ठेवत, हे खरे आहे का? बाकीच्या अवयवांचे काय करत?
– एक वाचक, पुणे

खरे आहे. विचार करणारा, आठवण ठेवणारा अवयव म्हणजे हृदय, अशी त्यांची खात्री होती. मेंदूला त्यांच्या लेखी काही काम नव्हते. नाकपुडीतून, बहुधा डाव्या, धातूची सळई वर घालून नाकाच्या मुळाशी असलेले जाळीसारखे पातळ हाड फोडत. वाकड्या आकड्याने मेंदू ओढून काढतात असे पुस्तकांत असते. पण मेंदू इतका मऊ असतो की आकड्याला तो लागतच नाही. मेरीलँडच्या प्रयोगात सळईने घुसळून तो पातळ करावा लागला, मग देह पालथा करून नाकावाटे ओघळू द्यावा लागला. रिकाम्या कवटीत नंतर वितळलेली राळ ओतत. देह उताणा असल्याने ती डोक्याच्या मागच्या बाजूला साचून घट्ट होई. आज ममीचा क्ष-किरण फोटो घेतला की कवटीत या राळेची सपाट पातळी दिसते, पेल्यातल्या पाण्यासारखी.

मग डाव्या कुशीत छेद. तो जेमतेम हात जाईल एवढाच. त्यातून यकृत, जठर, आतडी बाहेर येतात. फुप्फुसांसाठी मात्र पडदा फाडून कोपरापर्यंत हात वर घालावा लागतो, आणि तेही हृदयाला धक्का न लावता, न बघता, चाचपून. मूत्रपिंडे मागे खोल असतात. ती बऱ्याचदा तशीच राहून गेली आहेत.

चार अवयव वेगवेगळे सुकवून चार बरण्यांत जात. होरस या देवाचे चार पुत्र त्यांचे राखणदार: माणसाच्या तोंडाचा इम्सेती यकृताचा, वानरमुखी हापी फुप्फुसांचा, कोल्हेमुखी दुआमुतेफ जठराचा आणि ससाण्याच्या तोंडाचा केबेहसेनुएफ आतड्यांचा. पुढे एकविसाव्या राजघराण्याच्या काळात (इ.स.पू. सुमारे अकरावे-दहावे शतक) पुरचुंड्या करून अवयव पुन्हा पोटात ठेवू लागले. बरण्या तरीही थडग्यात ठेवतच. काही तर नुसत्या भरीव, शोभेच्या.

हृदय ठेवायचे कारण न्यायनिवाडा. मृतांचा राजा असलेल्या ओसायरिस देवाच्या दरबारात बेचाळीस न्यायदेवतांसमोर ते तराजूच्या एका पारड्यात जाई, दुसऱ्यात ‘मात’ म्हणजे सत्याचे पीस. हृदय जड भरले तर शेजारी अम्मित टपलेली असे. तिचे तोंड मगरीचे, पुढचे धड सिंहाचे, मागचे पाणघोड्याचे. तिने हृदय खाल्ले की माणूस कायमचा संपला. म्हणून छातीवर दगडी भुंगा ठेवत आणि त्याच्या पोटावर मंत्र कोरत, ‘माझ्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस’ अशा अर्थाचा. स्वतःच्याच हृदयाला घातलेली ही गळ वाचताना आजही गलबलून येते.

प्रश्न : आपल्याकडे देह अग्नीला देऊन आत्मा मोकळा होतो असे मानतात. त्यांनी तोच देह जपला. मग आत्म्याबद्दल त्यांची कल्पना काय होती? आपल्या पिंडदानासारखे काही होते का?
– एक वाचक, चिपळूण

त्यांच्या मते माणूस एका आत्म्याचा नव्हताच. ‘का’ म्हणजे जगवणारी शक्ती. तिला मेल्यानंतरही अन्न लागते. ‘बा’ म्हणजे माणसाचे मोकळे फिरणारे रूप. त्याचे चित्र माणसाच्या डोक्याचा पक्षी असे काढतात. हा बा दिवसा थडग्याबाहेर उडतो आणि रात्री देहाशी परततो. परतायचे तर देह ओळखू यायला हवा. चेहरा टिकवण्याची सगळी धडपड यासाठी आहे. सगळे नीट पार पडले की मृत व्यक्ती ‘आख’ होते, म्हणजे तेजोमय. आपल्याकडे देह हा सोडायचा, तिकडे तो परतायचा पत्ता. मूळ कल्पनाच उलटी असल्याने पिंडदानाशी तुलना फार ताणू नये.

अन्न देण्याची रीत मात्र ठळक होती. थडग्याच्या भिंतीवर भाकऱ्या, बिअर, बैल, पक्षी यांची हजारा-हजाराने मागणी कोरलेली असते. वंशज काही पिढ्यांनी यायचे थांबणार, हे त्यांनाही माहीत होते. म्हणून काही थडग्यांवर वाटसरूंना विनंती आहे: जवळ काही नसेल तर नुसते म्हणा, तोंडचा श्वासच तर खर्च होतो. उच्चारलेला शब्द त्यांच्यासाठी खरे अन्न होता.

दफनाच्या दिवशी बिबट्याचे कातडे पांघरलेला ‘सेम’ पुरोहित सुताराच्या वाकसासारखे हत्यार ममीच्या तोंडाला लावी. तोंड उघडण्याचा हा विधी झाल्याशिवाय मृताला खाता-बोलता येत नाही. परलोकातही शेते होती, म्हणजे कामही आले. ते करायला छोट्या मूर्ती, ‘उशाब्ती’, सोबत देत. उत्तरकाळात पूर्ण संच 401चा: वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक अशा 365, आणि त्यांच्यावर 36 मुकादम.

प्रश्न : गरिबांच्याही ममी करत का?
– एक वाचक, सोलापूर

ऐपतीप्रमाणे. हिरोडोटसने तीन दर सांगितले आहेत. सर्वांत स्वस्तात पोट धुऊन देह थेट नॅट्रॉनमध्ये. बहुतेक लोकांना तेही परवडत नसे, ते वाळूत पुरले जात. आणि वाळूने काम चोख केले. गेबेलेन इथला, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा असा एक देह ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कोणी काही न करता त्याचे केसदेखील टिकले. तापलेली वाळू ओल शोषते. लाकडी पेटी आणि दगडी खोली आली, देह वाळूपासून दूर गेला, आणि कुजू लागला.

प्रश्न : इतके कौशल्य असूनही काही ममी काळ्या पडलेल्या, फुटलेल्या का दिसतात?
– एक वाचक, कोल्हापूर

कामात चुका होत होत्या, आणि त्या चुकांतूनच पद्धत आपल्याला कळली आहे.

पहिली चूक अति तेल-राळेची. तुतनखामेनवर इतके सुगंधी लेप ओतले की ते डांबरासारखे घट्ट होऊन देह, मुखवटा आणि 110 किलोंची सोन्याची शवपेटी एकमेकांना चिकटले. लेपांनी कापड आणि कातडी जळल्यासारखी काळी केली. 1925 मध्ये त्याचे थडगे शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या चमूने पेटी उन्हात तापवून पाहिली, उपयोग झाला नाही. शेवटी देहाचे तुकडे करून तो बाहेर काढला. राजाचा देह अखंड राहावा म्हणून केलेल्या सोपस्कारांमुळेच तो तुटावा, याचे वाईट वाटते.

दुसरी भरण्याची. सुकलेला देह हाडाला चिकटतो म्हणून एकविसाव्या घराण्याचे कारागीर कातडीखाली माती, भुसा, चिंध्या भरून गाल आणि दंड पुन्हा गोल करत. राणी हेनुत्तावीच्या चेहऱ्यात भरण जास्त झाले आणि गाल फुटले. कातडी आधी सुकून ताठ झालेली असते. ती ताण घेत नाही.

नखांची अडचण तर नेहमीचीच. कातडी सैल पडली की नखे गळतात, म्हणून ती दोऱ्याने बांधत. राजांच्या बोटांवर सोन्याच्या टोप्या चढवत. उशिराच्या काळात हयगयही दिसते. बाहेरून पट्ट्यांची सुरेख नक्षी आणि आत विस्कटलेली, कधी दुसऱ्याच कुणाची हाडे.

पट्ट्यांसाठी बहुधा घरातली जुनी लिननची, म्हणजे जवसाच्या धाग्याची, वस्त्रे फाडत. आधी बोटे एकेक, मग हातपाय, मग सगळा देह, मध्ये राळेचा हात. थेब्जच्या वाह नावाच्या एका कारभाऱ्यावर सुमारे 375 चौरस मीटर कापड निघाले. नऊवारी लुगडी धरली तर चाळीसेक भरतील.

प्रश्न : ममीसाठी भारतातून काही जात होते का?
– एक वाचक, पणजी

मिरी गेली होती, हे नक्की. इ.स.पू. 1213 मध्ये वारलेल्या दुसऱ्या रामेसिसच्या नाकात काळ्या मिरीचे दाणे सापडले. पट्ट्या घट्ट आवळताना त्याचे बाकदार नाक चपटे होऊ नये म्हणून ते भरले होते. मिरी मूळची आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागातली, मलबारची. कोणत्या हातांतून ती नाईलपर्यंत पोचली असेल, या विचाराने मन थक्क होते.

राळेचे धागेही पूर्वेकडे जातात. सक्कारा इथे 2016 मध्ये ममी करण्याची एक जमिनीखालची कार्यशाळा सापडली, इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातली. तिथल्या मडक्यांवर आत काय आहे आणि ते कुठे लावायचे हे लिहिलेले होते. 2023 मध्ये छापलेल्या रासायनिक तपासणीत देवदार-जुनिपरची तेले, मेण, एरंडेल, मृत समुद्राचे डांबर यांच्याबरोबर दम्मर ही आग्नेय आशियाई जंगलांतली राळ आढळली. आपल्याकडची शालवृक्षाची राळ तिच्याच कुळातली. मडक्यांवरच्या ‘अंतियू’ या शब्दाचे भाषांतर आजवर ‘गंधरस’ असे होत असे. मडक्यात निघाले देवदाराच्या जातीच्या तेलाचे आणि चरबीचे मिश्रण.

प्रश्न : भारतात खरी ममी कुठे पाहता येईल? पाहताना काय लक्षात घ्यावे?
– एक वाचक, नागपूर

नागपूरहून हैदराबादचे राज्य संग्रहालय सोयीचे. तिथे नैशू नावाच्या तरुणीची ममी आहे. वडोदरा, जयपूर आणि कोलकाता इथेही आहेत.

पेटीला हात टेकू नका, फ्लॅश वापरू नका. तीन हजार वर्षे टिकलेल्या कापडाचा आजचा शत्रू आर्द्रता आहे. ओल मिळाली की बुरशी धरते. रामेसिसला 1976 मध्ये त्यासाठीच पॅरिसला न्यावे लागले आणि गॅमा किरणांनी बुरशी मारावी लागली. जयपूरला ऑगस्ट 2020 च्या पावसात अल्बर्ट हॉल या संग्रहालयात पाणी शिरले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी काच फोडून ममी बाहेर काढली, म्हणून ती वाचली.

पट्ट्यांचे काठ बघा, कापड कुठे फाडले आहे आणि कुठे विणीची किनार आहे ते दिसते. तपकिरी डाग राळेचे. आणि तिथे झोपलेली व्यक्ती आहे, तिला नाव आहे, हे मुलांना आधी सांगा. जयपूरच्या पेटीपुढे उभे राहाल तेव्हा ‘तुतू’ हे नाव एकदा मोठ्याने घ्या. तोंडचा श्वासच तर खर्च होतो.