तडे बुजवू नका, आधी लेखी कळवा

म्हसरूळकडच्या उतारावर रो-हाउस घेतलेल्या एका वाचकाचं पत्र आहे. ताबा मिळून चार वर्षं दहा महिने झाले. गेल्या पावसाळ्यापासून मागच्या खोलीची फरशी खचतेय, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा वर चढलाय, दार चौकटीला घासतं. बिल्डरचा माणूस येतो, पुट्टी भरतो, जातो. आता महारेरात, म्हणजे घरबांधणीवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, जावं की ग्राहक आयोगात, असा प्रश्न आहे.

कुठे जायचं ते नंतर पाहू. रेरा कायद्याचं कलम 14(3) सांगतं की ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष बिल्डरला कळवला, तर त्याने तो 30 दिवसांत स्वखर्चाने दूर करायचा. नाही केला तर भरपाई मागता येते. तुमच्या हातात दोन महिने उरलेत आणि अजून एक ओळही तुम्ही लेखी दिलेली नाही! साइटवर झालेलं बोलणं उद्या बिल्डर सरळ नाकारेल. पावसाळा संपला की अशी पत्रं येतात, आणि प्रत्येकात हीच चूक असते. राग येतो, कारण ती टाळणं फुकटात होतं.

याच आठवड्यात नोटीस द्या, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. कोणती भिंत, तडा कधी दिसला, पुट्टी कधी भरली, सगळं लिहा. पुट्टीवाल्याशी झालेले व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका, तो फोनही विकू नका.

सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. उतार तासून बांधलेलं घर बरेचदा अर्धं पक्क्या मुरमावर आणि अर्धं भरावावर उभं असतं. भराव नीट दाबलेला नसेल तर पाणी मुरल्यावर तो बसतो, मुरूम जागचा हलत नाही, आणि मधल्या भिंती तिरक्या फाटतात. तुमच्याकडे तसंच झालंय का, हे पाया उघडून पाहिल्याशिवाय मी म्हणणार नाही. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख टाका. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे. नोटीस मात्र त्यासाठी थांबवू नका.

मागच्या अंगाला तुम्ही स्वतः टाकी किंवा खोली वाढवली असेल, तर बिल्डर त्यावरच बोट ठेवेल. मग बरंचसं इंजिनिअरच्या अहवालावर अवलंबून राहील. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, तीही धावतेय. उशीर माफ होतो कधी कधी, पण त्या भरवशावर बसू नका. निकालाला किती काळ लागेल ते सांगवत नाही. भिंत धोक्याची ठरली तर फोटो आणि अहवाल झाल्यावर डागडुजी करून घ्या, पक्की बिलं जपा.