लाळग्रंथीचे १० की २० टक्के? आधी ते ७०० डॉलर थांबवा

प्रश्न: मी अमेरिकी लष्करातला माजी सैनिक, एकटा राहतो. व्हीएने (माजी सैनिकांचं सरकारी खातं; ते अपंगत्वाच्या टक्क्यांवरून महिन्याची भरपाई देतं) पाठीच्या दुखण्याला ४० टक्के आणि लाळग्रंथीच्या जुनाट आजाराला १० टक्के अपंगत्व दिलंय. तोंड सतत कोरडं, दात किडत चाललेत. एक सल्लागार ३००० डॉलर घेऊन १० चे २० टक्के करून देतो म्हणतो. दातांच्या खर्चासाठी त्याच्याच ओळखीच्या कंपनीने २४,००० डॉलर दिले. त्या बदल्यात पाच वर्षं माझ्या भरपाईतले महिना ७०० त्यांना जातात. फी भरू का?

उत्तर: एक डॉलरही देऊ नका. व्हीए टक्क्यांची सरळ बेरीज करत नाही. १०० मधून ४० गेले, उरले ६०. त्याचे १० टक्के म्हणजे ६. झाले ४६, आणि जवळच्या दहावर नेलं की ५०. आता २० टक्के धरा: ६० चे १२, झाले ५२, तेही ५०च. महिन्याचे साधारण ११०० डॉलर आहेत तेवढेच राहणार. शिवाय व्हीएची मान्यता नसलेल्या माणसाला अशा कामाचे पैसे घेताच येत नाहीत.

पण तुम्ही न विचारलेल्या गोष्टीनं मी जास्त अस्वस्थ झालो. महिना ७०० गुणिले ६० म्हणजे ४२,०००. हातात आले २४,०००. व्याज पडतं वर्षाला २५ टक्क्यांच्या आसपास, आणि ११०० पैकी तुमच्याकडे उरतात ४००! ‘हे कर्ज नाही, विक्री आहे’ असं तुम्हाला सांगितलं असेल. व्हीएची भरपाई अशी दुसऱ्याच्या नावे करून देणं अमेरिकी कायद्याला मान्यच नाही; तसा करार मुळातच रद्दबातल ठरतो. म्हणून या आठवड्यात करार घेऊन वकील गाठा. भरपाई जमा होणाऱ्या खात्यावर त्या कंपनीचं नाव किंवा हुकूम चालत असेल, तर फक्त स्वतःच्या नावाचं खातं उघडून व्हीएला कळवा. राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे (राज्य सरकारचा मुख्य कायदा अधिकारी) तक्रारही करा.

२० टक्क्यांचा नाद सोडा असं मात्र मी म्हणत नाही. व्हीएच्या १९ मे २०२४ पासूनच्या टक्केवारीच्या तक्त्यात कोरड्या तोंडामुळे चावायला त्रास होऊन वजन घटलं किंवा दात जास्त किडले, तर २० टक्के आहेत. उद्या आणखी एखादा १० टक्क्यांचा आजार मान्य झाला, तर २० असल्यास एकूण ६० होतील, १० असल्यास ५०वरच अडकाल. दंतवैद्याकडून दर भेटीत किती नवे दात किडले, ते लेखी घ्या. निकालपत्रापासून वर्षाच्या आत अमेरिकन लीजन किंवा डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटनांच्या मान्यताप्राप्त प्रतिनिधीकडून अर्ज करा. ते फुकट करतात. दातांच्या पुढच्या खर्चासाठी व्हीएच्या दंतविमा योजनेचा हप्ता विचारून ठेवा.