किलिमांजारो : कर्ज काढून ऑगस्टमध्ये, की थांबून फेब्रुवारीत?

प्रश्न : वय २९. हातात पगार ५२,००० रुपये, खर्च ३०,०००. २,४०,००० ची एफडी, बाकी बचत नाही. आठ महिन्यांनी, ऑगस्टमध्ये टांझानियातला किलिमांजारो पर्वत चढायचाय. पायथ्याच्या मोशी शहरातल्या एका कंपनीने माचामे मार्गाचं सहा दिवसांचं १,१५० डॉलरचं कोटेशन दिलंय. विमानासाठी ५५,००० धरलेत. दीड लाखाचं पर्सनल लोन काढू, की एफडी मोडू?

उत्तर : दोन्ही नको. आणि ते कोटेशनही नको.

टांझानियाच्या राष्ट्रीय उद्यानाचं परदेशी पाहुण्यांसाठीचं शुल्क ठरलेलं असतं, त्यात घासाघीस नाही. दिवसाला ७० डॉलर, तंबूतल्या प्रत्येक रात्रीचे ५०, बचाव शुल्क एकदाच २० आणि वर १८ टक्के व्हॅट. सहा दिवस, पाच रात्रींचे झाले ६९०, व्हॅटसकट ८१४. तुमच्या १,१५० मधून उरले ३३६. एकट्या माणसामागे एक गाइड, एक स्वयंपाकी आणि तीन-चार पोर्टर, म्हणजे सामान वाहणारे हमाल, लागतात. त्यांची मजुरी, सगळ्यांचं जेवण, गेटपर्यंतची गाडी, तंबू, कंपनीचा नफा, हे सगळं दिवसाला ५६ डॉलरमध्ये बसवायचं. बसत नाही. मग कात्री लागते ती पोर्टरच्या मजुरीला आणि पोटाला, किंवा एक पोर्टर कमी करून उरलेल्यांच्या पाठीवर २० किलोच्या मर्यादेपेक्षा जास्त ओझं चढतं. (गाइडशिवाय वर सोडतच नाहीत, तेव्हा ‘एकटाच जातो’ हा पर्यायही डोक्यातून काढा.)

आता दिवसांकडे या, कारण खरी किंमत तिथे आहे. सहा दिवसांच्या माचामेत बारांको कॅम्पहून थेट बाराफू हा शिखराआधीचा शेवटचा कॅम्प गाठावा लागतो. दिवसभर चालून ४,६७३ मीटरवर पोहोचायचं, चार घास खायचे, जमलं तर डुलकी काढायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास ५,८९५ मीटरच्या उहुरू शिखराकडे निघायचं. सात दिवसांच्या आखणीत मध्ये कारांगाला, सुमारे ४,००० मीटरवर, एक मुक्काम पडतो. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला आणि पायांना विश्रांती मिळायला तो लागतोच. डोकेदुखी, उलट्या वाढल्या की गाइड खाली उतरवतो, आणि भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. या जादा दिवसाचं उद्यान शुल्क व्हॅटसह १४२ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर साधारण १२,७५०.

आणि तुमच्या कर्जाचं व्याज? दीड लाख, १४ टक्के, २४ महिने म्हणजे ७,२०० चा हप्ता आणि एकूण व्याज सुमारे २२,८५०. बँकेला द्यायच्या पैशांत जवळपास पावणेदोन जादा दिवसांचं शुल्क निघतं.

सात दिवसांसाठी तुमचं बजेट मी असं धरेन : ग्रुपमध्ये सामील होऊन चढाई १,७५० डॉलर, टिप २५०, व्हिसा ५०, भाड्याचं सामान १००, मोशीतला मुक्काम-जेवण १००, विमा १००. झाले २,३५० डॉलर, म्हणजे २,११,५००. त्यात विमान ५५,०००; बूट, लस आणि डॉलर वधारला तर, यासाठी २०,०००. एकूण २,८६,५००. टिप ऐच्छिक म्हणतात, पण ती खर्चातच धरा. सुट्टी बिनपगारी असेल तर तो आकडा वेगळा.

एफडीतले सहा महिन्यांच्या खर्चाचे १,८०,००० ही तुमची अडीनडीची गंगाजळी, तिला हात नाही. वरचे ६०,००० आणि आठ महिन्यांची बचत मिळून ऑगस्टपर्यंत २,३६,००० होतात, पन्नास हजार कमी पडतात. महिना २२,००० बाजूला टाकलेत तर तेरा महिन्यांत २,८६,०००, तेही एफडी न मोडता. जानेवारी-फेब्रुवारी हाही कोरडाच हंगाम आहे. पैसे आरडीत किंवा लिक्विड फंडात ठेवा. तेरा महिन्यांसाठी शेअर बाजार नको. मार्च ते मेमधल्या सवलतींना भुलू नका, तो पावसाचा काळ.

हात आखडायचा तो सामानात. स्लीपिंग बॅग, डाउन जॅकेट, काठ्या मोशीत भाड्याने मिळतात. बूट मात्र स्वतःचे, दोन-तीन महिने वापरून मऊ झालेले हवेत. नव्या बुटांनी उतरताना अंगठ्याची नखं काळीनिळी होतात.

विम्यात ६,००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टर हे दोन्ही शब्द पॉलिसीत छापलेले पाहा. साध्या प्रवास विम्यात बहुधा उंचीची मर्यादा असते, आणि ते २० डॉलरचं बचाव शुल्क म्हणजे हेलिकॉप्टर नव्हे. पॅकेज भारतातल्या कंपनीकडून घेतलंत तर टीसीएस, म्हणजे कंपनी सरकारसाठी आगाऊ घेते तो कर, कापला जाईल; विवरणपत्रात तो वळता होतो, पण तोवर अडकतो, तेव्हा तेवढी रोकड हाताशी ठेवा.

कंपनीला आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी ईमेलवर तीन गोष्टी लेखी मागा : उद्यान शुल्क व्हॅटसह धरलंय का, पोर्टरला रोज किती शिलिंग (तिथलं चलन) मिळतात, आणि ग्रुपमधले बाकीचे गळाले तर दर बदलणार का. दुसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघा.