स्लॅलम न खेळता ओव्हरऑल? हो, ल्युक आल्फाँ

तुम्ही विचारलंय की ज्याँ-क्लोद किलीनंतर फ्रान्सच्या पुरुषांत स्कीइंगचा ओव्हरऑल वर्ल्ड कप, म्हणजे सगळ्या प्रकारांचा मिळून एक किताब, कोणी जिंकला, आणि नुसत्या वेगाच्या शर्यतींच्या जोरावर तो जिंकता येतो का. दोन्हीचं उत्तर एकच माणूस, ल्युक आल्फाँ, १९९७. किलीचा शेवटचा १९६८ चा, म्हणजे मधे २९ वर्षं गेली.

आधी गुणांचं गणित बघा, त्याशिवाय यातली कमाल कळत नाही. स्लॅलम, जायंट स्लॅलम (खांबांमधून वळत उतरायच्या शर्यती), सुपर-जी, डाऊनहिल (वेगाच्या शर्यती), सगळ्याचे गुण एकत्र धरतात, पहिल्याला १००, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०, असं करत तिसाव्याला १. म्हणजे हा अष्टपैलू लोकांचा किताब. आल्फाँने त्या सीझनला सगळे गुण फक्त डाऊनहिल आणि सुपर-जीत मिळवले, एक शर्यत बिघडली तर भरून काढायला दुसरीकडे जागाच नाही, आणि मागे लागलेला कोण तर नॉर्वेचा शेटिल आन्द्रे ओमोट, जो स्लॅलमलाही गुण काढतो! अमेरिकेत वेलला सीझनच्या फायनल्समध्ये वेगाच्या शर्यती आटपल्या की आल्फाँच्या हातात काहीच उरत नव्हतं. तरी टिकला तो, आणि डाऊनहिल आणि सुपर-जीचे छोटे कपही, म्हणजे त्या त्या प्रकाराचे वेगळे किताब, त्याच वर्षी त्याचेच.

पण मला विचाराल तर खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. ब्रियाँसोंचा हा मुलगा १९८३ मध्ये डाऊनहिलचा ज्युनियर विश्वविजेता झाला, सगळ्यांना वाटलं आता हा लगेच वर येणार, आणि मग दुखापती, परत उभं राहणं, परत दुखापत, असं करत करत वर्ल्ड कपमधला पहिला विजय यायला जानेवारी १९९५ उजाडला. वय २९. बारा वर्षं! आणि तोही कुठे, तर ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलला, लागोपाठ दोन दिवसांत दोन डाऊनहिल.

श्ट्राइफ, म्हणजे किट्झब्यूलची डाऊनहिलची उतरण, पाहिली नसेल त्याला सांगतो, गेटमधून सुटल्यावर काही सेकंदांतच माऊसफाले येतं, ८५ टक्के उतार, तिथून माणूस हवेत जातो. पण वेळ खरी जाते ती त्याच्या थोडं पुढे, श्टाइलहांगच्या बर्फाळ वळणात, कारण त्यानंतर बराच सपाट रस्ता आहे आणि वळणातून जेवढा वेग घेऊन बाहेर पडाल तेवढ्यावरच तो काढायचा, तिथे नवा वेग मिळत नाही. सपाटीवर स्की नुसती शांतपणे सरकू द्यायची हे कसब नुसत्या ताकदीने येत नाही, वर्षानुवर्षं उतरून अंगात मुरावं लागतं, म्हणून डाऊनहिलवाले तिशीच्या आसपास पिकतात असं माझं मत आहे. आल्फाँच्या बाबतीत तर ते अगदी डोळ्यासमोर दिसतं, १९९५, ९६, ९७ सलग तीन वर्षं डाऊनहिलचा कप त्याच्याकडे.

ऑलिम्पिक पदक नाही मिळालं, याची मला आजही हळहळ वाटते. ज्यांना फक्त ऑलिम्पिक माहीत आहे ते म्हणूनच त्याचं नाव घेत नाहीत, आणि हे बरोबर नाही. चार वर्षांतून एकदा एका सकाळी चांगलं उतरणं मोठं आहेच, पण अख्खा हिवाळा दर वीकेंडला डोंगर बदलत, बर्फ बदलत वर राहणं मला त्याहून अवघड वाटतं.

ओव्हरऑल जिंकल्याबरोबर, वय ३१ असताना, स्की रेसिंग सोडलं त्याने आणि गाड्यांकडे वळला, २००६ ची डकार रॅली मित्सुबिशी चालवत जिंकली. फ्रान्सच्या पुरुषांना पुढचा ओव्हरऑल मिळाला तो थेट २०२१ मध्ये, अलेक्सी पँतुरोकडून, पण तो जायंट स्लॅलमवाला, त्याचा रस्ता पूर्ण वेगळा. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर ९५ ची किट्झब्यूल शोधा आणि श्टाइलहांगमधून बाहेर पडताना आल्फाँचे पाय बघा.